झाडाला अपाय नाही

“पण ‘झाडाला’ कशाला लिहिलंत?”

“झाडाचाच अहवाल होता तो. झाडाला नाही तर आणखी कुणाला लिहिणार?”

“नुसतं ‘अपाय नाही’ लिहायचं होतं. दोन शब्द. तिसरा कुणी मागितला होता तुमच्याकडे?”

“गेली एकतीस वर्षं मी असंच लिहिते.”

“गेली एकतीस वर्षं तुमचे कागद झाडंवाले वाचत होते, बाई. हा माझ्या बाबांनी वाचला.”

कागद टेबलावर मधोमध पडला होता. इतक्यांना दाखवून झाला होता की त्याच्या घड्या विरायला आल्या होत्या. ‘कोळी आढळला. झाडाला अपाय नाही.’ खाली तारीख, त्याखाली सही. ‘झाडाला’ या शब्दाखाली पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या, सेकंदकाट्यासारख्या बारीक आणि सरळ. त्या कुणी ओढल्या हे विचारायला नको होतं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाचा हात होता तो.

भांडायला आली होती ती त्याच घड्याळजींची लेक. बसा म्हटलं तरी बसली नव्हती, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. आणि ज्यांच्याशी भांडत होती त्या भिंगताई. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. शेतकी खात्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगत झाडं तपासायची प्रयोगशाळा होती. लोक आजारी पानं पिशवीत घालून आणायचे. बुरशी असली की पान शेजारच्या टेबलावरच्या बुरशीवाल्याकडे जायचं, आणि नुसत्या डोळ्याला काहीच दिसेना झालं की भिंगताईंकडे.

कोळी म्हटलं की लोकांना जाळं विणणारा आठवतो, नाहीतर मासे धरणारा. भिंगताईंचा कोळी तिसराच. टाचणीच्या डोक्यावर दोन-तीन जण आरामात बसतील एवढा, आठ पायांचा, पानाच्या पाठीला चिकटून रस पिणारा. पानावर आधी फिकट ठिपके पडतात, वरून कुणी बारीक मीठ भुरभुरल्यासारखे. मग पान तांबूस होतं, मग करपतं. तोवर झाडाच्या मालकाने उन्हाला, पाण्याला आणि नशिबाला दोष देऊन झालेला असतो. शेवटी ते पान भिंगताईंच्या टेबलावर येतं. त्या ते पांढऱ्या कागदावर झटकतात आणि म्हणतात, ही धूळ चालतेय बघा.

कोळ्याची जात ओळखायची तर काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवायचा आणि त्या केसाने त्याला उचलायचं. पापणी स्वतःचीच. दोन बहिणी म्हणाव्यात अशा जाती माद्यांवरून कळत नाहीत. त्यासाठी नर लागतो आणि तोही काचेवर बरोबर कुशीवर निजवावा लागतो, तेव्हा कुठे त्याचं वेगळेपण दिसतं. बुरशीवाला यावरून पूर्वी नेहमी म्हणायचा, “भिंगताई, दुनियेचे नर कुशीवर निजवलेत, आता स्वतःचं कधी?” पहिली दहा वर्षं भिंगताई हसल्या. मग एक दिवस बुरशीवाल्याने ती थट्टा करायचं सोडून दिलं, आणि त्याच दिवशी ती त्यांना लागली.

घड्याळजींच्या लेकीने घडलं ते सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. बाबांनी कागद एकदा वाचला, दोनदा वाचला, मग भिंग लावून वाचला. झाडाला अपाय नाही असं लिहिलंय म्हणजे ज्याला आहे त्याचं नाव लिहिलेलं नाही, असा त्यांनी अर्थ काढला. शिकलेली माणसं घाबरवायचं असलं की अर्धंच लिहितात, असंही त्यांनी तिला समजावलं. दुसऱ्या दिवशी गादी गॅलरीत गेली, तिसऱ्या दिवशी कचऱ्यात. बागेत मारायचं औषध त्यांनी खोल्यांमधून मारलं. साप साप म्हणून भुई धोपटतात तशी सगळी फरशी धोपटून झाली, मग अंग. फिनेलच्या पाण्याने दिवसातून दोनदा अंघोळ. हात कोपरापर्यंत सोलवटले होते. कातडीच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की आत काही नाही, ही खाजवून काढलेली खरूज आहे. हे दुखणं दुसऱ्या डॉक्टरकडचं, मनाच्या. तेव्हा बाबांनी खिशातून हा कागद काढून त्याच कातडीच्या डॉक्टरसमोर धरला होता.

“म्हणाले, प्रयोगशाळेत सापडलंय, लेखी आहे,” लेक म्हणाली. “डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी कुणाकडे बघू?”

भिंगताईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

घड्याळजी पहिल्यांदा आले ते घेवड्याचं पान घेऊन. बायको गेल्यावर गॅलरीत त्यांनी घेवड्याचा वेल लावला होता, खायला नाही, बघायला. पान अगदी मीठ भुरभुरल्यासारखं झालं होतं. भिंगताईंनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांना बघा म्हटलं, तर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून डोळ्याला लावायचं स्वतःचं भिंग काढलं, आधी त्यातून पाहिलं आणि मग सूक्ष्मदर्शकातून. कोळ्याचं अंग काचेसारखं, आत पोटातले काळे डाग हलताना दिसत होते. “ताई, हे तर चालू घड्याळ आहे,” ते म्हणाले, “पाठ उघडी टाकलेलं.” इतक्या वर्षांत टेबलाशी आलेल्या कुणी असं काही म्हटलं नव्हतं. लोक विचारायचे, मारायचं कशाने?

मारायचं कशाने ते त्यांनीही विचारलं. औषध नको, असं भिंगताईंनी सांगितलं. खराब पानं काढा, पानांच्या पाठीवर पाण्याचा फवारा मारत राहा. ते गेले. पुढच्या मंगळवारी परत आले ते काडेपेटी घेऊन. वेलाची तक्रार नव्हती. ते कोळी आता अंगावर आलेत, रात्रंदिवस चावतात, त्यातलेच पकडून आणलेत, असं म्हणाले आणि पेटी भिंगताईंपुढे सरकवली.

आत एक सुती धागा होता, कातडीचा पापुद्रा होता, माशीचा पंख होता, दोन परागकण होते.

पानावरचा कोळी माणसाला चावत नाही. त्याच्या तोंडातली सुई पानाच्या सालीतून जेमतेम आत जाईल एवढी, केसापेक्षा बारीक. माणसाची कातडी म्हणजे त्याच्या लेखी भिंत. हे भिंगताईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. त्या मंगळवारी त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी धागा दाखवला आणि हा कुठल्या कापडाचा ते सांगितलं. परागकण दाखवले, कुठल्या फुलाचे ते सांगितलं. घड्याळजी एकेक बघत, मान हलवत ऐकत राहिले. मग त्यांनी सांगितलं की एकदा एका बाईंचं घड्याळ रोज दुपारी बंद पडायचं, आणि उघडून पाहिलं तर आत मांजराचा एक केस. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. वहीत भिंगताईंनी लिहिलं, काही आढळले नाही. तोंडाने म्हणाल्या, पुन्हा काही मिळालं तर आणा.

न सांगण्याला एक कारण होतं, आणि ते कारण त्यांनी स्वतःला पुष्कळदा सांगितलं होतं. त्यांची आई शेवटची दोन वर्षं अंथरुणात होती. पांघरुणावर मुंग्या आहेत, असं म्हणायची. भिंगताई कामावरून येऊन पांघरूण झटकायच्या, भिंग घेऊन शिवणी तपासायच्या आणि खरं ते सांगायच्या, आई, काही नाहीये. दिवसातून दहादा. मग आई मुंग्यांचं बोलायची थांबली. बरं वाटतंय ना आता, असं त्यांनी एकदा तिचे केस विंचरताना विचारलं. आई म्हणाली, “मुंग्या आहेतच गं. तुला सांगायचं सोडलंय.”

आई जाऊन आता तीन वर्षं झाली होती. दोन खोल्या, एक माणूस. संध्याकाळी कुलूप उघडून आत गेल्यावर भिंगताई पंख्याशी, नळाशी, दुधाच्या पातेल्याशी काहीबाही बोलायच्या आणि मग स्वतःच्याच आवाजाला दचकायच्या. शुक्रवारी संध्याकाळी कार्यालयातून निघताना बुरशीवाला ‘बरंय’ म्हणायचा, त्यानंतरचं माणसाचं पहिलं वाक्य सोमवारी सकाळी कानावर पडायचं. घड्याळजींचा मंगळवार सुरू झाला तेव्हा शनिवार-रविवार थोडे आखूड झाले. घरून त्या चहाचा एक जास्तीचा कप घेऊन आल्या. मंगळवारचे नमुने सकाळीच उरकून दुपार मोकळी ठेवू लागल्या. बुरशीवाल्याने हे पाहिलं आणि नवी थट्टा केली नाही. त्याचंही वय झालं होतं.

सातव्या मंगळवारी काडेपेटीत धाग्यांबरोबर सुकल्या घेवड्याच्या पानाचा एक तुकडा होता, आणि त्या तुकड्यावरून काहीतरी पळालं. रस पिणारे कोळी कधी पळत नाहीत, ते बसून खाणारे. हा पळत होता. तुकतुकीत, थेंबाच्या आकाराचा, लांब पायांचा. भिंगताईंना आनंद झाला. हा खाणाऱ्यांना खाणारा, झाडाचा पहारेकरी. आपण होऊन आला होता, म्हणजे वेल सावरणार होता. हे त्यांनी घड्याळजींना सांगितलंही. पण घड्याळजींनी ऐकलं ते एवढंच, की या वेळी पेटीत काहीतरी जिवंत निघालं. त्यांचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी त्यांना ‘हो’ म्हटलं होतं. त्यांनी लेखी मागितलं, आणि भिंगताईंनी हात जसा वळलेला होता तसं लिहून दिलं.

आता तोच कागद मधे ठेवून लेक मागत होती दुसरा. घरात काही नाही, असं लेटरहेडवर लिहून द्या. बाबा कातडीच्या डॉक्टरला मानत नाहीत, मुलीला मानत नाहीत, तुम्हाला मानतात. तुम्ही लिहिलंत तर पुढच्या डॉक्टरकडे येतील. बुधवारी अकराची वेळ घेतलीय, मला रजाही मिळत नाहीये.

भिंगताई म्हणाल्या की घर त्यांनी पाहिलेलं नाही, न पाहता त्या लिहीत नाहीत.

“मग येऊन पाहा,” लेक म्हणाली. पिशवी सावरून ती दारापर्यंत गेली आणि वळली. “एक विचारू? ते किडे माणसाला चावत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं. एकदाही सांगितलं नाहीत त्यांना?”

भिंगताई काचपट्ट्यांचा डबा सरळ करत राहिल्या. तो सरळच होता. लेक गेली.

शनिवारी सकाळी त्या गेल्या. घर तिसऱ्या मजल्यावर होतं, पण फिनेलचा वास दुसऱ्यावरच भेटायला आला. दार घड्याळजींनीच उघडलं. मनगटापर्यंत बटणं लावलेला सदरा, विंचरलेले केस, ताजी दाढी. पाहुणे येणार म्हणून तयार झालेला माणूस. “आता प्रत्यक्ष जागेवर बघा,” ते म्हणाले. खिडकीशी त्यांनी स्टूल मांडलं होतं, टेबलावर दिवा आणि पांढऱ्या कागदाचे एकसारखे कापलेले तुकडे. खाटेवर गादी नव्हती, नुसत्या फळ्या आणि त्यावर एक धुतलेली चादर. भिंतीवर अकरा घड्याळं होती, आणि प्रत्येक पारदर्शक पिशवीत बांधलेलं. आत शिरू नयेत म्हणून, घड्याळजी म्हणाले. पिशव्यांतून टिकटिक येत होती, तोंडावर हात ठेवून बोलणाऱ्या माणसासारखी.

लेक स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. थोड्या वेळाने ती औषध आणायला म्हणून बाहेर पडली. औषध टेबलावरच होतं.

भिंगताईंनी आधी गॅलरी घेतली. वेल दोरीवर होता तसा वाळून कडकडीत झाला होता. पानं त्यांनी कागदावर झटकली. काहीही चाललं नाही. औषध मारलं की पहिला मरतो तो पळणारा, कारण तो एका जागी बसत नाही, सगळं विष त्याच्या पायाला लागतं. मग त्यांनी खाटेच्या भेगा पाहिल्या, चादरीच्या शिवणी पाहिल्या. चिकटपट्टी फरशीवर, उंबऱ्यावर, खुर्चीच्या सांध्यांत दाबून दाबून उचलली आणि एकेक पट्टी हातभिंगाखाली धरली. घड्याळजी दिवा धरत होते. हलवा म्हणण्याआधी योग्य बाजूला हलवत होते. असा मदतनीस भिंगताईंना कधी मिळाला नव्हता. साडेनऊला सुरू केलेलं काम साडेबाराला संपलं. दोनदा तर घड्याळजी हसलेही. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर आतून डाग उमटत होते, ते दोघांनाही दिसत होते.

आता ‘काही आढळले नाही’ एवढं लिहून उठता आलं असतं. लेकीने तेवढंच मागितलं होतं. पण घड्याळजी पुढे झुकून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं की आज नाही तर मंगळवारी, पेटी घेऊन.

“सापडलं?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“या वेळी नसतात ते. ऊन वर आलं की लपतात.”

“काका, या वेळी नाहीत आणि दुसऱ्या वेळीही नाहीत. तुम्हाला चावेल असं या घरात काही नाही. तुम्ही आणलेल्या पेट्यांतही कधी नव्हतं.”

“तो पळणारा?”

“तो दुसऱ्या कोळ्यांना खातो. माणसाच्या कातडीत त्याचं तोंड शिरतच नाही.”

“पण तुम्ही लिहिलंत की झाडाला—”

“मी फक्त झाडांचं लिहिते. माणसाचं मला लिहिता येत नाही. चूक माझी झाली.”

घड्याळजींनी एका बाहीचं बटण काढलं. बाही वर केली आणि हात टेबलावर, दिव्याखाली ठेवला, नमुना ठेवतात तसा.

“मग हे काय आहे?”

भिंगताईंनी भिंग उचललं नाही. “ही तुमची नखं आहेत,” त्या म्हणाल्या.

अकरा पिशव्या टिकटिकत राहिल्या. घड्याळजी स्वतःच्या हाताकडे बघत होते, बिघाड कुठे आहे ते सापडत नाही तेव्हा घड्याळाकडे बघत असतील तसे.

“तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या काडेपेटीपासून.”

“मग बोलला का नाहीत?”

आईचं सांगता आलं असतं. ते खोटं नव्हतं. येताना जिन्यात भिंगताईंनी ती वाक्यं जुळवूनही ठेवली होती, मुंग्यांची, पांघरुणाची. घड्याळजींनी ती ऐकून घेतली असती, कदाचित हळहळलेही असते.

“सांगितलं असतं तर तुम्ही यायचे थांबला असता,” त्या म्हणाल्या.

घड्याळजींना हे पोहोचायला वेळ लागला. त्यांनी दिवा बंद केला. मग अगदी सावकाश, एकेक शब्द जागेवर बसवत ते म्हणाले, “म्हणजे मी खाजवत होतो, आणि तुम्ही चहा ठेवत होतात.”

“हो.”

त्यांनी बाही खाली केली. बटण लागेना. भिंगताईंचा हात अर्धा पुढे गेला आणि मागे आला. तिसऱ्या खेपेला बटण लागलं.

“बुधवारी अकराची वेळ घेतली आहे,” भिंगताई म्हणाल्या. “दुसऱ्या डॉक्टरांची. तुमच्या लेकीला रजा मिळत नाहीये. मला मिळेल. मी येते तुमच्याबरोबर. बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही.” घड्याळजी उठले होते. “काका, येऊ ना मी?”

ते दाराशी गेले. भिंतीला हात टेकून एक चप्पल घातली, मग दुसरी. स्वतःचं घर, त्यात बसलेली बाई आणि टेबलावर पसरलेल्या चिकटपट्ट्या मागे ठेवून त्यांनी दार उघडलं, बाहेर गेले आणि ते हलकेच ओढून घेतलं. जिन्यावर त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत होती. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, आणि मग पुन्हा खाली उतरू लागली.